बिघडावे, पण कसे?

न बिघडणारी वस्तू चांगली, की बिघडली तर आपल्या हाताने नीट होणारी वस्तू चांगली, हा प्रश्न खरे म्हणजे एखाद्या आचार्यांना विचारायचा. पण आचार्य गाडीच्या कर्जासाठी बँकेत येत नाहीत. येतात ती पिकअपवाली माणसे. आणि माझे टेबल वाहनकर्जाचे असल्यामुळे हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी माझ्यापुढे येऊन पडतो. मी बी. कॉम. आहे. आमच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान नव्हते, घसारा होता. पण वीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्यांवर घसारा आकारत बसले की सगळे नश्वर आहे हे माणसाला उपनिषदे न वाचताही कळू लागते.

पिकअपला कर्ज दिले की ती बँकेकडे नजरगहाण राहते. म्हणजे गाडी मालकाच्या दारात आणि नजर आमची. मुलीच्या वडिलांची जावयावर असते ना, अगदी तशी. त्यामुळे गाडी किती वर्षे टिकेल, ही चौकशी मला करावी लागते. त्यावर गेली काही वर्षे एकच उत्तर ऐकतो आहे : "साहेब, जुनी इंजिनं राहिली नाहीत आता!" हे वाक्य म्हणताना माणसाच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसते, ते मी कर्जाचे हप्ते थकल्यावरही कधी पाहिलेले नाही.

माझे दाजी या पंथाचे मठाधिपती. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजारात पोचवणे हा त्यांचा धंदा. त्यांच्या जुन्या पिकअपने घाट इतक्या वेळा चढला-उतरला होता, की दाजी झोपले असते तरी ती सवयीने वाशीला जाऊन उभी राहिली असती. त्यांच्या मिस्त्रीने मला एकदा जुने डिझेल इंजिन समजावून सांगितले. "भाऊ, ह्यात काय नाय. हवा दाबायची, दाबली की ती तापते. तापली की वरून डिझेलची पिचकारी मारायची. पेटतंय आपोआप." झाले! ज्या कल्पनेबद्दल रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरला 1893 साली पेटंट मिळाले, ती मिस्त्रीने तीन वाक्यांत आणि एका पान्याच्या हावभावात संपवली. ठिणगी नको, प्लग नको. पुष्कळशी जुनी इंजिने तर एकदा सुरू झाली की बॅटरी काढून घेतली तरी चालत राहायची. सेल्फ लागला नाही तर उतारावर ढकलायची. डिझेल संपून नळीत हवा शिरली तर नट ढिला करून हवा काढायची. पिस्टन-रिंग झिजल्या तर 'हाफ इंजिन' करायचे आणि पुन्हा रस्त्याला लागायचे.

या पंथाकडे पुरावेही कमी नाहीत. 1980 च्या दशकात आपल्याकडे टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी आणि माझदा अशा चार जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलके ट्रक आले. त्यांच्यासमोर 1986 साली टाटांनी 407 उभा केला. पुढे डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निस्सान ही नावे पुसली गेली. 407 मात्र घराघरांतल्या माणसासारखा झाला. याला कारणे अनेक असतील, पण गॅरेजवाल्याला विचारा, तो एकच सांगेल : "कुठंही रिपेर होतो!" परदेशातही तेच. 1987 साली आफ्रिकेतल्या चाड देशाने लिबियाच्या रणगाड्यांना पिकअप गाड्यांवरून जेरीस आणले, आणि त्या लढाईला इतिहासात नावच पडले 'टोयोटा युद्ध'. 2003 मध्ये बीबीसीच्या टॉप गिअर या कार्यक्रमाने एक जुनी डिझेल हायलक्स भरतीच्या समुद्रात बुडवली, आपटली, पेटवली आणि शेवटी पाडायच्या इमारतीच्या माथ्यावर ठेवून इमारतच जमीनदोस्त केली. सुटे भाग न बदलता, नुसत्या हत्यारांनी खटपट केल्यावर ती गाडी पुन्हा सुरू झाली. दाजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या तालुक्यातल्या रस्त्यांवर एवढं रोजच होतं."

तरीही माझ्यातला बी. कॉम. स्वस्थ बसेना. 'आमच्या वेळी माणसे नव्वद-नव्वद वर्षे जगत' हे आपल्याला कोण सांगते? नव्वद वर्षांचे आजोबा! जे पन्नाशीला गेले ते हे खोडून काढायला येत नाहीत. जुन्या इंजिनांचे तेच. जी टिकली ती आपल्याला रस्त्यावर दिसतात आणि आपण हात जोडतो. ज्यांनी तीन वर्षांत माना टाकल्या ती केव्हाच भंगारात जाऊन त्यांच्या सळ्या झाल्या, आणि त्या कदाचित आपल्याच सोसायटीच्या जिन्यात असतील.

शिवाय टिकली म्हणजे नेमके काय टिकले? मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने विचारले होते, तुम्ही रथातून आलात, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणत गेला. शेवटी, रथ हे या साऱ्यांच्या जुळणीला दिलेले नुसते नाव, असे ठरले. दाजींच्या गाडीचे दोनदा लायनर बदलले, तीनदा नोझल बदलले, पंप नवा, डोके दुसऱ्या गाडीचे. आता यातले 'जुने इंजिन' कोणते, असे मी नागसेनाच्या आवाजात विचारले. दाजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आवाज त्योच हाय, पाहुणं." एवढे उत्तर मिलिंदालाही सुचले नव्हते.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड केली. समजा, एका यंत्राचे दहा भाग आहेत आणि प्रत्येक भाग शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर चालतो. तर सगळे यंत्र शंभरात जवळजवळ नव्वद वेळा चालेल. भाग शंभर केले, तर ते फक्त सदतीस वेळा चालेल! हे चक्रवाढ व्याजाचे उलटे गणित. म्हणून साधे यंत्र भले, हे दाजींचे म्हणणे गणितालाही मान्य आहे. पण गणित तिथेच थांबत नाही. तेच शंभर भाग दहा हजारांत एकदाच चुकतील इतके चोख केले, तर यंत्र पुन्हा शंभरात नव्व्याण्णव वेळा चालते. नव्या कारखान्यांनी हेच केले आहे. म्हणजे नवे इंजिन गुंतागुंतीचे असूनही कमी बिघडू शकते. हे मान्य करताना जुन्या पंथाच्या लोकांना फार यातना होतात, पण हिशेब हा हिशेब आहे.

या हिशेबावर भिस्त ठेवून आणि तायडीच्या रेट्यामुळे दाजींनी शेवटी नवी पिकअप घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही. नोकरी बँकेत आहे. गाडी गुणी. आवाज नाही, धूर नाही, चढावर कुरकुर नाही. आणि एका पावसाळी रात्री माळशेजच्या तोंडाशी समोर पिवळा दिवा लागला आणि गाडीने ठरवले की आता बैलगाडीच्या वेगाने जायचे. इंजिन चालू, पण जोर नाही. दाजींनी सवयीने बॉनेट उघडले. आत एक काळे प्लॅस्टिकचे झाकण होते. दाजींनी त्याच्याकडे पाहिले, झाकणाने दाजींकडे पाहिले, आणि दोघांनाही एकमेकांना काय सांगावे ते सुचेना. वाशीला टोमॅटो पोचला तेव्हा बाजार उठला होता.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावल्यावर कळले की इंजिन ठणठणीत होते. धूर गाळायच्या फिल्टरमधला दाब मोजणारा सेन्सर तेवढा गेला होता. म्हणजे इंजिन जिवंत होते, पण 'मी जिवंत आहे' असे कळवणारा गेला होता. मला हे ऐकून मुळीच आश्चर्य वाटले नाही. आमच्या शाखेत दर नोव्हेंबरात पेन्शनर आजोबा स्वतः काउंटरसमोर उभे राहून खोकतात, तरी हयातीचा दाखला दिल्याशिवाय ते हयात असल्याचे संगणक मानत नाही.

"पाहुणं," दाजी म्हणाले, "जुनी गाडी आजारी पडायच्या आधी आठ दिवस कण्हायची. ही नुसता दिवा दाखवती. काय दुखतंय ते सांगत न्हाई. म्हणती, डाक्टरलाच सांगीन."

मी जुन्या पंथाची दीक्षा घेण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात चहा घेऊन आलेली तायडी दारातून म्हणाली, "तुमच्या जुन्या इंजिनाला कधी काही झालं नाही हो. जे व्हायचं ते मला झालं."

आम्ही दोघेही गप्प. जुनी गाडी पडवीला लागून उभी असे. रोज पहाटे तीनला सुरू करून दहा मिनिटे गरम करायची, हा नेम. आणि पडवीच्या पलीकडे स्वयंपाकघर. तायडीचा खोकला आमच्या घरात घड्याळासारखा झाला होता; तो ऐकला की दाजी निघाले असे समजायचे. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केले. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 मानके आली. डिझेलमधले गंधक दहा लाखांत पन्नास भागांवरून दहावर आले. डिझेल मोटारीने किलोमीटरला 25 मिलिग्रॅम कणांऐवजी फक्त साडेचारच सोडावेत असे ठरले. त्यासाठीच तो फिल्टर आणि त्यासाठीच तो सेन्सर. नवी गाडी आल्यापासून तायडीचा खोकला पुरता गेला नाही, पण पहाटेचा कमी झाला आहे.

इथे मला हिशेबाची पहिली वही आठवली. खर्च नाहीसा करता येत नाही; फार तर दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येतो. जुन्या इंजिनाचा ताळेबंद इतका देखणा दिसे, कारण धुराचा खर्च त्याच्या वहीत कधी पडलाच नाही. तो तायडीच्या छातीत नावे पडत होता. साधेपणा, साधेपणा म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, तो पुष्कळदा एवढाच असतो : अवघड भाग कुणीतरी मुकाट्याने सोसत असते.

पण मग नव्या इंजिनाची वही तरी चोख आहे का? त्याने धुराची नोंद घेतली, उत्तम केले. आणि त्याच वेळी दुसरी एक नोंद हळूच गाळली. दाजींच्या तीस वर्षांच्या कानाची, मिस्त्रीच्या हाताची, भर पावसात 'बघू या काय झालंय' म्हणून झाकण उचलण्याच्या धैर्याची. नव्या इंजिनात डिझेल हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाने फवारते. तिथे पाना घालू नये, हे मिस्त्रीलाही कबूल आहे. त्याची तक्रार वेगळी. "उघडू नको म्हणा, भाऊ. पण काय झालंय ते मला सांगू नका, असं का?"

धूर गाळण्यासाठी यंत्र अवघड झाले, हे पटते. पण अवघड असणे आणि मुके असणे या दोन गोष्टी निराळ्या. पहिली गरजेतून येते. दुसरी कुणीतरी आपल्या सोयीने ठरवलेली असते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारगाड्याही घातल्या, तेव्हा मिस्त्रीचाच प्रश्न दिल्लीपर्यंत पोचला म्हणायचा.

मिस्त्रीच्या मुलाने मात्र दिल्लीची वाट पाहिली नाही. त्याने स्कॅनरसाठी कर्ज मागितले आहे. अर्जातल्या 'यंत्राचा उपयोग' या रकान्यात त्याने लिहिले आहे : 'गाडीला काय दुखतंय ते विचारणे.' आमच्या नमुन्यात असले उत्तर बसत नाही. मी ते तसेच पुढे पाठवले.

माझ्यापुरता निकाल मी असा लावला आहे. न बिघडण्याची खात्री कंपनीने द्यावी. ती छापील कार्डावर मावते. भरवसा ही निराळी चीज आहे. ज्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे आणि जे पडले तर का पडले ते सांगते, त्याच्यावरच तो बसतो, मग ते इंजिन असो की माणूस. आम्ही बँकवाले काही फार थोर नाही, पण एखाद्याचे कर्ज नाकारले तर त्याचे कारण आम्हाला लेखी कळवावे लागते. तेवढी सभ्यता दीड टन टोमॅटो घेऊन घाटात उभ्या राहिलेल्या पिकअपकडून मागितली, तर दाजींचे काही फार चुकले असे मला वाटत नाही. आणि ती पिकअप धूर न सोडता हे सांगणार असेल, तर तायडीची त्याला काही हरकत नाही.