आपल्यासाठी नसलेले बोलणे

पुण्यात हिवाळ्याच्या संध्याकाळी मीडियम वेव्हचा काटा सावकाश फिरवत बसले, की पूर्वेकडची केंद्रे आधी लागतात. पश्चिमेला अजून तांबडे असते, दिवेलागण व्हायची असते, आणि ६५७ किलोहर्ट्झवर खरखरीतून बंगाली बोलणे वर येऊ लागते. ते कोलकाता. मग चेन्नई, हैदराबाद. राजकोट त्यानंतर, आणि पुरता अंधार पडला की सिंधमधले आणि आखातातले आवाज. पहाटेही पूर्वेकडची केंद्रेच आधी विरतात; अरबी बोलणे उजाडेपर्यंत टिकून राहते. घड्याळात कोलकात्याची आणि पुण्याची वेळ एकच, पण सूर्य तिकडे सुमारे तासभर आधी मावळतो. भारतीय प्रमाणवेळेखाली झाकलेला हा तास रेडिओवर स्पष्ट ऐकू येतो. पृथ्वी फिरते हे आपण सगळे शाळेत शिकलो. ते कानांनी कळते, हे मला या छंदाने दाखवले.

याचे कारण वरच्या हवेत आहे. दिवसा जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरांवर सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो. त्याला डी थर म्हणतात. मध्यम लहरी तो शोषून घेतो, म्हणून दिवसा पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झवरचे केंद्र जमिनीला धरून पसरते आणि आसपासच्या जिल्ह्यांत ऐकू येऊन थांबते. सूर्य मावळला की हा थर पाहता पाहता विरतो. त्याच्याही वरचे, शंभर किलोमीटरांपलीकडचे थर मात्र रात्रभर टिकतात आणि लहरींना खाली परतवतात. मग तेच केंद्र, तेवढ्याच शक्तीने बोलत असताना, हजार-दीड हजार किलोमीटरांवर उतरते.

हे ज्ञानसुद्धा रात्रीच्या ऐकण्यातूनच आले, याचे मला फार अप्रूप वाटते. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीचा संदेश अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा लहरी पृथ्वीच्या वक्राकारावरून कशा वळल्या हे कोणालाच सांगता येईना. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वर विजेचा थर असला पाहिजे असे सुचवले. पुरावा मिळायला १९२४ चा डिसेंबर उजाडला. एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बोर्नमथचे बीबीसी केंद्र रोजचे कार्यक्रम संपल्यावर मागून घेतले, त्याची वारंवारता थोडी थोडी बदलायला लावली आणि ऑक्सफर्डला बसून आवाजाचे चढउतार मोजले. त्यावरून थराची उंची निघाली. ॲपलटनना १९४७ साली नोबेल मिळाले. त्याच वर्षी कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रांचा वरच्या वातावरणावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयाचा आधारग्रंथ म्हणून जगभर वापरला गेला. आज छंद म्हणून ट्रान्झिस्टर उघडून बसणारा माणूस ज्या चढउताराला वैतागतो, तोच चढउतार या लोकांनी मोजला होता.

छंदाला डीएक्सिंग म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच घडताना दिसत नाही. एक माणूस कान लावून बसलेला असतो, काटा केसभर सरकवतो, रेडिओ थोडा तिरका करतो आणि वाट पाहतो. कारण लागलेले स्टेशन कोणते, हे स्टेशन सहसा लगेच सांगत नाही. गाणी चालू असतात, कुणी शेतीवर बोलत असते, आवाज भरून येतो आणि नेमकी केंद्राच्या नावाची उद्घोषणा व्हायच्या वेळी खाली जातो. मग पुढच्या तासाच्या ठोक्यापर्यंत थांबायचे. भाषा कळत नसेल तर बातम्यांची वेळ, गावांची नावे, बोलण्याची ढब, असे एकेक धागे जमवायचे. आणि एवढे करून खात्री झाली नाही, तर वहीत प्रश्नचिन्ह टाकून झोपायचे. मला वाटते, या छंदाचे खरे शील त्या प्रश्नचिन्हात आहे. कोणी तपासायला येणार नसते, तरी चांगला डीएक्सर ‘बहुधा’ आणि ‘नक्की’ यांची सरमिसळ करत नाही.

पुराव्याची एक जुनी रीतही आहे. ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील, तारीख, वेळ, आवाजाचा दर्जा असे सगळे लिहून केंद्राला रिसेप्शन रिपोर्ट पाठवायचा. तपशील जुळला तर केंद्र क्यूएसएल कार्ड पाठवते. दिल्लीच्या आकाशवाणी भवनातून जगभरच्या श्रोत्यांना अशी कार्डे गेली आहेत. एका सरकारी खात्याने फिनलंडमधल्या किंवा जपानमधल्या अनोळखी माणसाला ‘होय, तुम्ही ऐकलेत ते आम्हीच’ असे कळवणे, हा व्यवहार मला अतिशय सुसंस्कृत वाटतो.

दूरचा रेडिओ म्हटले की आपल्याकडे पन्नाशी-साठीच्या वरच्या माणसांना रेडिओ सिलोन आठवते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीते ऐकू येईनाशी झाली आणि घराघरांतले काटे कोलंबोकडे वळले. ‘गीतमाला’ या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमातला अमीन सयानींचा आवाज समुद्रापलीकडून येत होता. पण ती गोष्ट वेगळी. एक तर ते शॉर्टवेव्ह होते, लांबवर पोहोचण्यासाठीच योजलेले. दुसरे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचे, ते आपल्याचसाठी होते. गीतमाला मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची आणि फिती कोलंबोला जायच्या. सिलोनहून येणारा तो आवाज आपलाच होता, नुसता वळसा घालून आलेला.

मीडियम वेव्हवर रात्री जे येते ते आपल्यासाठी नसते. विजयवाड्याचे केंद्र तेलुगू शेतकऱ्याशी बोलत असते, धारवाडचे कर्नाटकातल्या श्रोत्यांशी, मस्कतचे तिथल्या लोकांशी. कोणी आपल्याला उद्देशून बोलत नाही, आपल्याला पटवायला पाहत नाही, आपल्या आवडीनिवडीचा विचार करत नाही. वाड्यातल्या मधल्या भिंतीपलीकडून बिऱ्हाडकरूंचे जेवणाच्या वेळचे बोलणे ऐकू यावे, तसे हे ऐकणे असते. तिथले पाणी कधी येणार, बाजारभाव काय, कोणाच्या स्मरणार्थ कोणते गाणे, यात आपले काहीच नसते. आणि म्हणूनच ते बोलणे खरे वाटते. पाहुण्यापुढे माणसे जशी बोलतात तसे ते नसते.

याच्या उलट आजचे बहुतेक आवाज. हातातल्या फोनवर जे येते ते माझ्यासाठी निवडलेले असते, मागच्या आठवड्यात मी काय पाहिले यावरून ठरवलेले. त्याचा त्रास मला जाहिरातींपेक्षा वेगळ्याच कारणाने होतो. सतत स्वतःला उद्देशूनच बोललेले ऐकण्याची सवय लागली, की दुसरे लोक आपापसांत काय बोलतात याची जाणीवच बोथट होते. त्यांची काळजी, त्यांचे सण, त्यांचे विनोद आपल्यावाचून चाललेले आहेत, हे कळायला ते आपल्यावाचून चाललेले ऐकावे लागते.

राजकोटचे उदाहरण घेऊ. तिथला एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक १०७१ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षे आकाशवाणीची उर्दू सेवा सीमेपलीकडे पाठवत होता. ही सेवा पाकिस्तानातल्या श्रोत्यांसाठी. तिकडून फर्माइशीची पत्रे येत. महाराष्ट्रात बसून ती ऐकताना एक विलक्षण गोष्ट घडायची. आपलाच देश परक्याशी कोणत्या आवाजात बोलतो, हे आपण बाजूला उभे राहून ऐकत असायचो. आपल्याला ऐकवल्या जाणाऱ्या भाषणांतला देश आणि रात्री उशिरा शेजाऱ्याची आवडती गझल लावणारा देश, दोन्ही एकच. दुसरा पाहिलाच नाही तर पहिल्याविषयीचे मत अपुरे राहते.

आणि नागपूर. देशाच्या मध्यावर, बुटीबोरीला, तेवढ्याच शक्तीचा प्रक्षेपक १५६६ किलोहर्ट्झवर राष्ट्रीय चॅनेल चालवत असे. हे चॅनेल सुरू व्हायचे संध्याकाळी आणि बंद व्हायचे सकाळी. वरच्या थरांवरून परतणाऱ्या लहरींच्या ज्या उसळीवर छंदिष्ट माणूस विसंबून असतो, तिच्यावरच भिस्त ठेवून एक देशव्यापी सेवा आखली गेली होती. रात्रपाळीचा कामगार, ट्रकचालक, इस्पितळात रुग्णाजवळ बसलेला नातेवाईक यांच्यासाठी देश रात्रभर जागा होता. २०१९ मध्ये ते बंद झाले. खर्चाची कारणे मला समजतात. मोठे मीडियम वेव्ह प्रक्षेपक वीज अफाट खातात. तरी एवढ्या नेमक्या जागी उभारलेली, निसर्गाशी एवढी जुळवून घेतलेली सेवा गेली याचे दुःख हिशेबाने कमी होत नाही.

कोणी विचारील, कोलकाता ऐकायचेच असेल तर मोबाइलच्या ॲपवर ते स्वच्छ लागते, मग खरखर कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याला फक्त कार्यक्रम हवा त्याने ॲपच वापरावे. पण ॲपवर अंतर उरत नाही. तिथे कोलकाता आणि पुणे सारखेच जवळ, म्हणजे सारखेच दूर. मीडियम वेव्हवरचा आवाज वाटेत काय काय झाले ते अंगावर घेऊन येतो: मध्येच ढासळणारा स्वर, मागे हजारो किलोमीटरांवरच्या विजांचा कडकडाट, त्याच जागेवर दुसऱ्या केंद्राची पुसट सावली. आणखी एक फरक आहे, तो मला अधिक मोलाचा वाटतो. रेडिओ ऐकणाऱ्याचा कुठेही पत्ता लागत नाही. केंद्राला कळत नाही, यंत्रात नोंद होत नाही, कोणाच्या आकडेवारीत मी मोजला जात नाही. नाझी जर्मनीने सप्टेंबर १९३९ मध्ये परदेशी केंद्रे ऐकणे गुन्हा ठरवले, ते उगीच नाही. लहरी अडवणे अवघड होते, म्हणून माणसाला भीती घालावी लागली. श्रोता अदृश्य असतो ही रेडिओने आपोआप देऊन टाकलेली मोकळीक आहे. तिची किंमत आपण कधी केलीच नाही.

अर्थात त्या लहरी सगळ्यांना पुरेशा नाहीत, त्यामुळे वाटून घ्याव्या लागतात. १९७५ मध्ये जिनिव्हाला आशिया, आफ्रिका, युरोपातल्या देशांनी मिळून वाटप ठरवले, ते १९७८ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. ५३१ पासून १६०२ पर्यंत, नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने एकशेवीस जागा. त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक मीडियम वेव्ह केंद्राच्या आकड्याला नवाने भाग जातो, करून पाहा. एवढ्या देशांना एकशेवीस जागा म्हणजे एकेका जागेवर अनेक केंद्रे येणारच. दिवसा ती एकमेकांना दिसत नाहीत. रात्री सगळ्यांचा शेजार उघड होतो. कधी दोन भाषा इतक्या सारख्या जोराने येतात, की कोणतीच नीट कळत नाही. कधी एक मागे सरते आणि दुसरी वाक्याच्या मध्यावर पुढे येते. १९३३ मध्ये हॉलंडमध्ये टेलेगेन नावाच्या अभियंत्याला स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर लावले असता मागे लक्झेंबर्ग ऐकू आले, वास्तविक दोघांच्या लहरी अगदी वेगळ्या. बलवान प्रक्षेपकाने वरच्या थरालाच हलवले होते आणि तिथून जाणाऱ्या दुसऱ्या लहरीवर त्याचा ठसा उमटला होता.

आता हा शेजार ओसरत चालला आहे. जर्मनीच्या सार्वजनिक केंद्रांनी २०१५ अखेर मध्यम लहरी सोडल्या, युरोपात इतरत्रही तेच चालले आहे, आपल्याकडेही एफएमचा आग्रह वाढला. एफएम स्वच्छ आहे, पण ते क्षितिजापाशी थांबते. प्रत्येक गावाला आपापले केंद्र आणि पलीकडच्या गावाचा आवाज नाही, ही व्यवस्था मला कोती वाटते. एखादे मोठे केंद्र बंद होते तेव्हा त्याखाली दबलेली दुबळी केंद्रे अचानक ऐकू येतात. छंदाच्या दृष्टीने ती पर्वणी. त्या रात्री आनंद होतो आणि त्या आनंदाची लाज वाटते.

दुसरे संकट घरातलेच आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे मीडियम वेव्हवर भुणभुण ओततात. शहरात केंद्र लागत नाही याचा दोष बहुधा केंद्राचा नसतो. भारनियमनाच्या काळात, गल्लीतली वीज गेली की बॅटरीवरच्या रेडिओत जी स्वच्छता यायची, ती ज्याने ऐकली त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून कोणाला करून पाहायचे असेल, तर दिवाळी ते होळी हा काळ धरावा. रात्री मोठ्या असतात आणि वळवाच्या विजा अजून सुरू झालेल्या नसतात. जुना ट्रान्झिस्टर पुरतो, त्यात नवे सेल घालावेत. गच्चीवर किंवा शेतावर, दिव्यांपासून लांब जावे. बहुतेक ट्रान्झिस्टरच्या लांब बाजूने आत फेराइटची कांडी असते आणि तिचे टोक ज्या दिशेला, तिकडचे केंद्र दबते. म्हणजे दोन केंद्रे एकमेकांवर आली तर रेडिओ फिरवून एकाला बाजूला करता येते. आधी आपले जवळचे केंद्र कोणत्या आकड्यावर आहे ते पाहून ठेवावे आणि तिथून नवाच्या पावलांनी पुढे सरकावे. वही जवळ असू द्यावी. तासाच्या आधी पाच मिनिटे काट्याला हात लावू नये, कारण नाव बहुधा तेव्हाच सांगितले जाते.