शून्य फीचं देणं

जर्मनीच्या सरकारी पेन्शन विम्यात एक सोय आहे. आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाने तिथे पाच वर्षांपेक्षा कमी काळ पेन्शनचे पैसे भरले आणि तो युरोप सोडून घरी परतला, तर चोवीस महिन्यांनी ते पैसे परत मागता येतात. पगारातून ९.३ टक्के कापले जातात, तेवढेच कंपनी घालते. परत मिळतो तो फक्त आपला वाटा. माझे चोवीस महिने नुकतेच भरले. चौदा महिन्यांच्या विद्यार्थी-नोकरीचे होतात साधारण १,३०० युरो. सव्वा लाखाच्या वर. माझ्या शैक्षणिक कर्जाचे पाच हप्ते.

फॉर्म डाउनलोड करून दोन आठवडे झाले. अजून भरलेला नाही, आणि कारण सांगायला गेलं की घरात सगळे माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी डोंबिवलीहून आखेनला मास्टर्स करायला गेले. आखेन बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला टेकलेलं आहे. रविवारी सायकल काढली तर दुपारच्या जेवणाआधी तीन देश होतात. (घरच्यांना सांगायला हे फार उपयोगी पडतं.) जायच्या आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये १०,३३२ युरो भरावे लागले होते, म्हणजे तेव्हाचे जवळपास नऊ लाख. त्यातले ८६१ दर महिन्याला आपल्याला मिळणार. आपलेच पैसे, पण एक तारखेला पगार झाल्याचा आनंद व्हायचा. ते नऊ लाख आणि बाकीचं कर्ज यांच्यामागे आमचा वन बीएचके तारण होता. "मुलीसाठी एवढं?" असं विचारणाऱ्या एका काकांना बाबांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं.

विद्यापीठाची फी मात्र शून्य. सहा महिन्यांना तीनशे युरोंच्या आसपास वर्गणी, आणि त्यातच राज्यभर फिरायचा बस-रेल्वेचा पास. नातेवाईकांच्या भाषेत, "फुकट आहे ना तिकडे?" मीही तसंच म्हणायचे.

पहिल्या वर्षी मी विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये भांडी धुवायला जायचे. तिथे पट्ट्यावरून ट्रे येत राहतात, उरलेलं अन्न खरवडायचं आणि ताटल्या मशीनच्या जाळीत लावायच्या. माझ्या शेजारी साठीला आलेल्या एक बाई असायच्या. हातमोजे कोपरापर्यंत कसे ओढायचे इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. एकदा त्यांनी विचारलं, तुला विद्यापीठाला किती भरावे लागतात? मी म्हटलं, काहीच नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी भरते." टोमणा नव्हता. पुढचा ट्रे घेता घेता सहज बोलल्या. त्यांचा मुलगा शाळेनंतर प्लंबिंगचं शिक्षण घेऊन कामाला लागला होता. विद्यापीठात त्यांच्या घरातलं कोणी कधी गेलंच नव्हतं.

तोपर्यंत 'जर्मन सरकार' माझं शिक्षण करत होतं. सरकारला चेहरा नसतो, त्यामुळे त्याचं काही लागत असल्यासारखं वाटत नाही. आता त्याला हातमोजे होते.

मी स्वतःला बरीच उत्तरं दिली. पहिलं अर्थातच इतिहासातलं. दादाभाई नौरोजींनी संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा हिशेब मांडला होता. मग युरोपचे चार पैसे आपण घेतले तर बिघडलं कुठे? पण हे बिल इंग्लंडच्या नावावर फाटतं, आखेनमध्ये ताटल्या धुणाऱ्या बाईच्या नावावर नाही. दुसरं उत्तर व्यवहाराचं: जर्मनीला माणसं हवी आहेत, म्हणून ते शिकवतात. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने राहू देतात, ते काही प्रेमापोटी नाही. हे खरं आहे. आणि नेमकं इथेच मी अडकते, कारण मी राहिले नाही. बाबांची अँजिओप्लास्टी झाली, मी डिसेंबर २०२३ मध्ये परत आले आणि आता महाप्याच्या एका कंपनीत काम करते. त्यांचा सौदा असेलच, तर माझ्या बाजूने तो पुरा झाला नाही.

सगळीकडे हा सौदा असा मोघम नसतो. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळ्यापासून नव्या विद्यार्थ्यांना फी लावली; मास्टर्सला सेमिस्टरचे ४,००० किंवा ६,००० युरो. आमच्या ग्रुपवर तेव्हा बरीच आरडाओरड झाली. मला कुठेतरी हेवाही वाटला. फी भरणाऱ्याची पावती तरी फाटते.

शिष्यवृत्ती आणि परतफेडीचा विचार करताना आंबेडकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना त्यांनी करार केला होता: शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. देणं किती, कोणाचं आणि कसं फेडायचं हे कागदावर स्पष्ट. १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते परतले आणि शब्दाप्रमाणे बडोद्यात हजर झाले. तिथे त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव खोलीच्या दाराशी आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये त्यांनी हे स्वतः लिहिलंय. पैसे संस्थानाने दिले होते, दार शहराने बंद केलं. त्यांच्या प्रसंगाशी माझी तुलना करायची माझी हिंमत नाही. पण तो वाचल्यापासून एक कळतं: पैसे देणारा आणि देणं वसूल करायला उभा राहणारा एकच असतो असं नाही, आणि फेडायची तयारी असूनही फेडायला जागा लागते.

आपल्या परंपरेत ऋषिऋणाची सोय आहे. ज्ञान ज्याच्याकडून घेतलं त्याला परत करायचं नसतं, पुढच्याला द्यायचं. कल्पना सुंदर आहे, पण मला तिचा जरा संशय येतो. ना हप्ता, ना तारीख, ना बँकेचा मेसेज. मी ऑफिसात दोन फ्रेशर्सना कोड रिव्ह्यू समजावून सांगते, तेवढ्यात आखेनचं खातं चुकतं झालं असं म्हणायला मी मोकळी. जे देणं इतकं सोयीचं असतं, ते आपण बहुतेक फेडतच नसतो.

बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एकतीस वर्षं डोंबिवलीहून सीएसएमटीला लोकलने नोकरी केली.

"तुझ्या पगारातून कापले, तुझे आहेत. घे."

"पण बाबा, मी तिथे काही भरलंच नाही."

"काही भरलं नाहीस कसं? राहिलीस, खाल्लंस, भाडं दिलंस. त्यावर कर नव्हता?"

होता. खाण्याच्या बऱ्याच वस्तूंवर ७ टक्के, बाकीच्यांवर १९.

मग म्हणाले, "आपण मडगावला गेलो तेव्हा तिकिटावर काय छापलं होतं, आठवतंय? प्रवासाच्या खर्चातले ५७ टक्केच रेल्वे आपल्याकडून घेते. लोकलच्या पासाचं तर विचारूच नकोस. वरचे कोणी भरले हे विचारायला मी कधी गेलो नाही. गेलो असतो तर आठ-सोळा चुकली असती."

आई मधेच म्हणाली, "घे, पण बाजूला ठेव. त्यातनं हप्ता भरू नकोस." का, ते तिला सांगता आलं नाही. मला मात्र तिचंच म्हणणं सगळ्यात जवळचं वाटलं.

बाबांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पेन्शनचा आणि फीचा कायद्याने काही संबंध नाही हेही मला माहीत आहे. पण तिकिटावर ते वाक्य छापलेलं वाचणं आणि कोणी ओले हातमोजे काढता काढता ते आपल्याला ऐकवणं, यात फरक पडतो. पहिल्यात देणारे इतके असतात की कोणीच नसतं.

काल रात्री फॉर्म उघडला. घेणार आहे पैसे. त्याला न्याय वगैरे नाव देणार नाही. तिथल्या नोकऱ्यांची जुनी कागदपत्रं पुन्हा काढली आणि त्यात मेसचं काँट्रॅक्ट सापडलं. छोट्या नोकरीत पेन्शनची कपात नको असेल तर लेखी नकार देता येतो. तसा नकार मी पहिल्याच दिवशी दिलेला होता. मला तेव्हा जर्मन धड वाचता येत नव्हतं. त्या बाईंनीच कागदावर बोट ठेवून दाखवलं होतं: इथे सही कर, नाहीतर तुझे पैसे कापतील.