काठीचे दुसरे टोक



धम्मपदाच्या पहिल्या गाथेमागची चक्खुपाल थेरांची कथा आपण ऐकली आहे. अंध थेरांच्या पायाखाली किडे मेले, पण मारण्याची चेतना नव्हती म्हणून दोष नाही, एवढे सांगून आपण पुढे जातो. मला त्याआधीचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. थेरांना श्रावस्तीला आणण्यासाठी त्यांचा भाऊ पालित नावाच्या भाच्याला पाठवतो. काठीचे एक टोक थेरांच्या हातात, दुसरे पालिताच्या. रानात एका स्त्रीचे गाणे ऐकू येते. ‘जरा थांबा’ म्हणून पालित जातो आणि शील मोडून परततो. थेर विचारतात, तो गप्प. रानात मरण आले तरी चालेल, पण माझ्या काठीला तू हात लावायचा नाहीस, असे थेर बजावतात.

पिनरमध्ये आपल्या आसपास नजर गेलेले, एकटे राहणारे वृद्ध आहेत. ब्रिटनमध्ये उतारवयात नजर जाण्याचे मोठे कारण म्हणजे मॅक्युलाची झीज. त्यात मधले दिसेनासे होते, कडेचे दिसते. आजी गालिच्यावरचा कागद उचलतात, पण दारातला चेहरा ओळखत नाहीत; शेजारी म्हणतात, दिसतंय की यांना! बोलकी पुस्तके इथे १९३५ पासून मिळतात. हॉस्पिटलचे पत्र मात्र कोणी तरी वाचावे लागते. मोबाइलही वाचतो, पण पत्र ऐकून घाबरलेल्या माणसाजवळ बसत नाही.

अशा घरी जाणाऱ्याचे चौथे शील फार बारीक असते. आत येताच आपले नाव सांगायचे. उठून गेलो तर तसे सांगायचे, नाहीतर त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतात. वस्तू होती तिथेच ठेवायची. बाहेर नेताना त्यांना ओढायचे नाही. आपले कोपर त्यांना धरू द्यायचे. आणि वाईट वाटेल म्हणून पत्रातली ओळ गाळायची नाही. दया म्हणून गाळलेली ओळही त्यांच्या काठीशी केलेला दगाच.

‘आधी आपली माणसे बघू’ असे आपल्या बैठकीत कोणी म्हणतेच. विनयपिटकात अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले. इतरांनी त्याला का सोडले? तो आपल्या काही उपयोगाचा नाही म्हणून. तथागत म्हणाले, इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आपले आईबाप नागपूर-औरंगाबादला आणि आपण इथे, तेव्हा हा प्रश्न आपल्याला कळायला हवा.

आपल्या भागात मिडलसेक्स असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्था आहेत, त्यांच्याकडे विचारणा करावी. आधी डीबीएस तपासणी होते. राग मानू नये, पालिताची कोणी केली असती तर बरे झाले असते. वर्षावासात उत्साहाने सुरू करून कठिन चीवरदानानंतर बंद करणार असाल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. आठवड्याचा एक तास ठरला, तर त्याच वारी, त्याच वेळी. उशीर होणार असेल तर फोन करा. त्या दाराशी कान लावून बसलेल्या असतात.