मंत्री, पाळक आणि सेवक

कांहीं महिन्यांपूर्वीं एका खेडेगांवच्या मंडळींत उपासना आटोपल्यावर आम्ही ओट्यावर बसलों असतां तेथील एका वृद्ध वडिलांनीं आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांच्या नातवानें इंग्रजी कोशांत ‘मिनिस्टर’ हा शब्द पाहिला होता, आणि त्यापुढें मंत्री व धर्मोपदेशक असे दोन अर्थ एकाखालीं एक दिलेले होते. ते म्हणाले, “पाळकसाहेब, मुंबईस मोटारींतून फिरतो तोहि मिनिस्टर, आणि एस. टी. नें येतां ते तुम्हीहि मिनिस्टर. हें कसें काय?” आम्ही हंसलों व कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु परतीच्या वाटेवर तो प्रश्न मनांतून जाईना.

हा शब्द मूळचा ल्याटिन भाषेंतला. रोमी लोकांत मिनिस्टर म्हणजे घरांतील चाकर, पंक्तीस वाढणारा, हाताखालीं राबणारा. त्याच्या मुळाशीं ‘उणा’ असा अर्थ आहे. त्याच्या उलट ‘मॅगिस्टर’ ह्या शब्दाच्या मुळाशीं ‘अधिक’ असा अर्थ असून मास्तर व मॅजिस्ट्रेट हे आपल्या ओळखीचे शब्द त्याच घराण्यांतले होत. म्हणजे धनी तो अधिक व चाकर तो उणा. पुढें राजाच्या चाकरास हें नांव पडलें, आणि राजा मोठा म्हणून त्याचा चाकरहि मोठा झाला. ख्रिस्तमंडळींतहि तसेंच झालें. देवाचा चाकर म्हणतां म्हणतां त्या चाकरालाच लोक वाट सोडून उभे राहूं लागले.

आपल्या भाषेंतील शब्द पाहूं गेलें तर त्यांचीं मुळें निराळीं आहेत. मंत्री म्हणजे मंत्र, अर्थात् गुप्त मसलत, देणारा. अमात्य म्हणजे घरचा माणूस. सचिव म्हणजे सोबती. पेशवा हा फारशी शब्द; त्याचा अर्थ पुढें चालणारा. वजीर हा अरबी. ओझें वाहणारा तो वजीर, असें बरेच कोशकार सांगतात. १६७४ सालीं शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हां त्यांच्या अष्टप्रधानांत ‘मंत्री’ हा आठांपैकीं केवळ एक होता, व त्यालाच पूर्वीं वाकनीस म्हणत. धर्मखातें पाहणारा पंडितराव हाहि त्याच मंडळांत बसे. मसलत देणारा, घरचा, सोबती, हीं नांवें सुंदर आहेत, पण एकांतहि चाकरीचा वास नाहीं. १९७५ सालीं मुंबईच्या सचिवालयाचें मंत्रालय झालें, म्हणजे सोबत्यांच्या घराचें मसलतीचें घर झालें. अर्ज घेऊन तेथें गेलेल्या शेतकऱ्यास हा अर्थ कितपत सुचतो, हें त्यालाच विचारावें.

आमच्या वर्गाच्या नांवांचीहि तीच कथा. पाद्री हा पोर्तुगीज शब्द, त्याचा अर्थ बाप. पाळक म्हणजे मेंढरें राखणारा, अध्यक्ष म्हणजे वरून नजर ठेवणारा, आणि वडील तर वडीलच. राहिला ‘सेवक’ हा शब्द. तो आम्ही कोणाला दिला? पुष्कळ मंडळ्यांत जो सतरंज्या घालतो व दानाची थाळी फिरवितो, त्याला!

नव्या कराराच्या ग्रीक भाषेंत मात्र अशी वांटणी नाहीं. ‘दियाकोनस’ हा तेथील शब्द. काना गांवच्या लग्नांत ज्यांनीं रांजण पाण्यानें भरले ते दियाकोनस. किंख्रिया येथील मंडळीची फीबी हीहि दियाकोनस. पौल आपणांस तेंच नांव घेतो. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत, नीरो कैसराच्या अमलांत, तरवार बाळगणाऱ्या अधिकाऱ्यासहि तो तेंच नांव देतो. त्याच अध्यायांत कर वसूल करणाऱ्यांस तो दुसरा एक शब्द लावतो, ‘लितुर्गस’. अथेन्स नगरांत श्रीमंत नागरिक आपल्या पदरच्या पैशानें लढाऊ गलबत सज्ज करी किंवा उत्सवाच्या गायकवृंदाचा खर्च उचली, त्या लोककार्याला ह्याच घराण्यांतला शब्द होता. आणि मंदिरांतील याजकाच्या सेवेलाहि तोच. म्हणजे आमच्या वृद्ध वडिलांनीं ज्या दोघांस एका ओळींत उभें केलें, त्यांस पौलानें आधींच तसें उभें केलें होतें.

तथापि नांव खालचें आणि माणूस वरचा, असें झाल्यावर जिंकतें कोण? इतिहास पाहिला तर बहुधा माणूस जिंकतो. मिसर देशाच्या राजांनीं ‘परोपकारी’ अशी पदवी घेतली होती. त्यांतील आठव्या टॉलेमीला लोकांनीं तीच पदवी उलटवून ‘अपकारी’ म्हटलें. लूकाच्या २२ व्या अध्यायांत प्रभु ह्याच पदवीचा उल्लेख करितो, तो कौतुकानें नव्हे. रोमचे पोप स्वतःस देवाच्या दासांचे दास म्हणवीत आले, आणि तें लिहिणाऱ्या कित्येकांपुढें राजे गुडघे टेकीत. १९४७ च्या १५ ऑगस्टला पंडित नेहरूंनीं आपणांस हिंदी जनतेचा पहिला सेवक म्हटलें. २०१४ च्या त्याच दिवशीं लाल किल्ल्यावरून श्री. मोदींनीं आपणांस प्रधान सेवक म्हटलें. ह्या दोघांचा न्याय करणें आमचें काम नव्हे.

येथें एखादा सरळ मनुष्य म्हणेल कीं, मग हें नांव टाकूनच द्या. साहेबाला साहेब म्हणा, निदान खोटें तरी घडणार नाहीं. हा आक्षेप आम्हांस पुष्कळ दिवस खरा वाटत होता. परंतु विचार करितां असें दिसतें कीं, नांव ही एक प्रकारची वचनचिठ्ठी आहे. जो स्वतःस साहेब म्हणवितो त्याच्याकडे जाऊन “तुम्ही सेवा कां करीत नाहीं?” असें कोणाला विचारतां येत नाहीं. ज्यानें सेवक हें नांव घेतलें त्यानें दोरी दुसऱ्याच्या हातीं दिली. त्यानें चिठ्ठी बुडविली तरी चिठ्ठी राहतेच, आणि गरीब मनुष्य ती पुढें करूं शकतो.

खरी अडचण निराळी आहे. सेवक खरा, पण कोणाचा? “मी देवाचा सेवक आहें” असें म्हणून मंडळीवर हुकूम चालविणारे पाळक आम्हीं पाहिले आहेत. उलट मंडळीलाच धनी मानणारा पाळक तिला आवडेल तेंच सांगतो, आणि वर्गणी देणाऱ्याचें पाप त्याला दिसत नाहीं. पौलानें करिंथकरांस लिहितांना ह्या दोन खड्ड्यांमधून वाट काढली: आम्ही येशूकरितां तुमचे दास, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. हुकूम एकाचा, पाय धुवावयाचे दुसऱ्याचे. मंत्र्याचेंहि असेंच नाहीं काय? तो शपथ घेतो ती राज्यघटनेला अनुसरून, निर्भयपणें व निःपक्षपातीपणें, सर्व प्रकारच्या लोकांना न्याय देण्याची. केवळ ज्यांनीं मत दिलें त्यांना खूष ठेवण्याची नव्हे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मागें एका लग्नाच्या पत्रिकेंत आमच्या नांवापुढें ‘रेव्हरंड’ छापावयाचें राहून नुसतें ‘श्री.’ छापलें गेलें. तेवढ्यावरून आम्ही तो सबंध दिवस घुम्यासारखे राहिलों. जेवणें झालीं, आम्ही पहिल्या पंक्तीला उठलों, आणि मंडळीचा सेवक सर्वांच्या मागून, चारच्या सुमारास, उरलेला भात घेऊन बसला. त्याचें नांव तर पत्रिकेंत कोठेंच नव्हतें. हें आमच्या लक्षांत आलें तें तेव्हां नव्हे, तर ह्या शब्दाचा शोध करितांना.

त्या वृद्ध वडिलांना आम्हीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. पुढील महिन्यांत प्रभुभोजनाकरितां त्या गांवीं जावयाचें आहे. पहिल्या एस. टी. नें निघालें तर सतरंज्या घालावयाच्या आधीं पोहोंचतां येईल.