त्रेचाळीस फूट म्हणजे कुठवर?

पावसाळ्यात गडमुडशिंगीतल्या घरात सकाळी बातमी ऐकू येते: राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, एकेकातून १४२८ क्युसेक विसर्ग. आकडा चोख असतो. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे किती जणांना ठाऊक? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पूरपट्ट्यातल्या चिखली-आंबेवाडीच्या आपल्या पाहुण्यांना मात्र एवढंच हवं असतं: पाणी गोठ्यात कधी शिरणार?

याहून मोठा अडसर ऐकणाऱ्याच्या मनात असतो. २००५ चा पूर पाहिलेले अनेकजण २०१९ मध्ये म्हणत राहिले, "तवा हितवरच आलतं, आता काय येतंय!" त्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. सूचना कानावर पडली होती, पण जुना अनुभव तिच्या आडवा बसला होता. अशा माणसाला हट्टी म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

यंदा पूरपट्ट्यातल्या पाहुण्यांना फोन केलात, तर फुटांचं राहू द्या. "आज दुपारच्या आत म्हशी हलवा" असं सांगा आणि पलीकडून काय उत्तर येतं तेही पुरतं ऐका. बहुधा म्हशी न्यायच्या कुठं, हाच त्यांचा प्रश्न असतो.