बालमनातील भूतदया : घर, शाळा आणि समाज

तीर्थक्षेत्री आलेले कुटुंब श्रींच्या दर्शनानंतर लहान मुलाच्या हाती एक नाणे देते आणि ते दानपेटीत टाकावयास सांगते. मूल टाचा उंचावून नाणे आत सोडते, नाण्याचा आवाज ऐकून हसते आणि आईवडील कौतुकाने पाहतात. प्रथा चांगली आहे. देण्याची सवय हाताला लहानपणीच लागलेली बरी. तथापि नाणे वडिलांचे, इच्छा आईची आणि पुण्य तेवढे बाळाच्या नावे, असा हा व्यवहार असतो. स्वतःच्या वाट्याचे काही देताना मनाला जी थोडी ओढ लागते, दुसऱ्याचे दुःख पाहून पोटात जे तुटते, ते या नाण्यात नसते. ते मुलाला कोठून मिळावे, हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी आणि प्रत्येक शिक्षकाने विचारावयास हवा.

भागवत धर्माने भूतदयेला भक्तीच्या बाहेर कधी ठेवले नाही. सर्वांच्या ठायी एकच भगवंत पाहावा, हे संतांच्या शिकवणुकीचे सार. म्हणूनच दया आणि कीव यांत फार अंतर आहे. कीव वरून खाली पाहते. दया शेजारी येऊन बसते. मुलाच्या कोमल मनाला हे अंतर शब्दांनी कळत नाही, पाहून मात्र ताबडतोब कळते.

श्रीनामदेवांच्या बालपणाची एक कथा लोकपरंपरेने जपली आहे. औषधासाठी झाडाची साल काढून आणावयास त्यांना सांगण्यात आले. बाळ नामदेव परत आले तेव्हा त्यांच्या पायातून रक्त वाहत होते. झाडाला साल काढताना कसे वाटले असेल, हे जाणण्यासाठी त्यांनी आपल्याच पायाची त्वचा सोलून पाहिली होती. कथा चमत्काराची नव्हे. लहान मुलाला मुळातच परपीडा जाणवते, एवढेच ती सांगते. तुटलेल्या पंखाचा पक्षी घरी आणणारे, भिजलेल्या पिल्लाला आपल्या पांघरुणात घेणारे मूल आजही प्रत्येक गावी आढळते. अशा वेळी घरातील वडीलधारे ‘टाक ते बाहेर, हात धू’ म्हणतात की त्या पिल्लासाठी वाटीभर दूध काढून देतात, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. बीज मुलाजवळ असतेच. ते जळू न देणे हे मोठ्यांचे काम.

पैठणच्या तप्त वाळवंटात रडत असलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बालकाला श्रीएकनाथांनी कडेवर उचलून घेतले आणि त्याच्या घरी पोहोचविले, हा प्रसंग कीर्तनातून शेकडो वर्षे सांगितला जात आहे. श्रोते त्या वेळी डोळे पुसतात. पण शेकडो वर्षे डोळे पुसूनही त्या बालकाच्या वंशजांना देवळाची पायरी ओलांडता येत नव्हती, हेही त्याच महाराष्ट्रात घडले. ऐकलेली दया आणि आचरलेली दया यांत एवढी मोठी दरी राहू शकते. मुलांच्या संस्कारांचा विचार करताना हे विसरून चालणार नाही, कारण मुले कीर्तनही ऐकतात आणि दारही पाहतात.

ही दरी बुजविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत साने गुरुजींचे नाव अग्रभागी येते. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या कारागृहात ‘श्यामची आई’ लिहिली. या पुस्तकातील आई शिकलेली नाही, ती उपदेशही फारसा करीत नाही. मोळी विकावयास आलेल्या एका वृद्ध दलित स्त्रीची मोळी खाली पडते, तेव्हा ती उचलून देण्यास आई आपल्या मुलाला पाठविते. स्पर्शानंतर स्नान करण्याची त्या काळची रूढी तिलाही सुटलेली नव्हती. तरी मोळी आधी आणि स्नान नंतर, हा क्रम तिने मुलाच्या मनात कायमचा लावून दिला.

त्या क्रमाचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिले. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील छात्रालय त्यांच्याकडे होते. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरून ठेवीत, कपड्यांच्या घड्या घालीत. मुलांना प्रथम संकोच वाटे, मग लाज वाटे आणि काही दिवसांनी मुले स्वतःच आपली व शेजाऱ्याची खोली आवरू लागत. स्वच्छतेवर व्याख्यान देऊन हे साधले नसते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही काढीत. शिक्षकाचा अभ्यासक्रमाबाहेरचा वेळ मुलांना मिळाला तर काय घडू शकते, याचे ते एक उदाहरण.

याच शिक्षकाने मे १९४७ मध्ये पंढरपुरी उपोषण आरंभिले. श्रीविठ्ठलाचे मंदिर सर्व जातींच्या भक्तांना खुले व्हावे, एवढीच मागणी होती. त्यापूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळविण्याचा यत्न केला होता. अनेकांना त्यांचा राग आला, अनेकांनी विरोध केला. अखेरीस मंदिराचे दार सर्वांना मोकळे झाले. म्हातारीची मोळी उचलण्यास पाठविणारी आई नसती तर हे उपोषण घडले असते काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एका घरातील एका दुपारची कृती पुढे देवाच्या दारापर्यंत जाऊन पोहोचते.

गुरुजी ११ जून १९५० रोजी निवर्तले. त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. शाळाशाळांतून मुलांना जमवावे, चांगली गोष्ट सांगावी, मुलांकडूनही सांगवून घ्यावी, असे तिचे साधे स्वरूप. शिक्षकांना गोष्ट सांगण्याची कला शिकविणे हाही तिचा भाग. गोष्टीत मूल क्षणभर दुसऱ्याच्या जागी जाऊन उभे राहते. राजपुत्राच्या जागी तर ते आनंदाने जातेच. चतुर कथाकार त्याला वाटेवरच्या भिकाऱ्याच्या जागीही नेऊन ठेवतो. या उपक्रमाला इमारत लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. गोष्टीवर आणि मुलांवर प्रेम असणारा एक माणूस लागतो, आणि तोच मिळणे कठीण.

याहून अवघड वाट दोन स्त्रियांनी चोखाळली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. तेथेच अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य, असे अनुताईंचे बालपण. ज्या समाजाने त्यांना फारशी दया दाखविली नाही, त्याच्या मुलांना त्यांनी सारे आयुष्य दिले.

बोर्डीत बालवाडी उघडली. पण दलित वस्तीतील मुले येईनात. येथे दोन मार्ग होते. मुले येत नाहीत, त्यांना शिक्षणाची आवड नाही, असे म्हणून स्वस्थ बसता आले असते. असे म्हणणारे आजही थोडे नाहीत. या दोघींनी दुसरा मार्ग धरला. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे जाईल, असे ठरवून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरविली. अंगण झाडावे, मुलांना गोळा करावे, त्यांचे नाक-डोळे पुसावे, आंघोळ घालावी, केस विंचरावे, मग गाणी, खेळ आणि गोष्टी. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांवरच काम भागे. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर पोहोचलेला शब्द याच कार्यातून आला. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

आयांचे त्या वेळी काय होत असेल, याची कल्पना करावी. आपल्या ज्या लेकराला गावात कोणी शिवत नाही, त्याला एक शिकलेली बाई मांडीवर घेऊन न्हाऊ घालीत आहे. त्या लेकराने दयेची व्याख्या कधी ऐकली नसेल. आपण प्रेमास पात्र आहोत, हे मात्र त्याच्या अंगाला कळले. ज्याला हे कळते तेच मूल पुढे दुसऱ्याला प्रेमाने हात लावू शकते.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी गेले. तेथे निराळीच अडचण होती. थोरली मुले गुरे राखीत व धाकट्या भावंडांना सांभाळीत, मग शाळेत कोण येणार? म्हणून गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, तिला कुरणशाळा म्हणत. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. आपल्याहून लहान भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर हिंडणारी सात-आठ वर्षांची मुलगी दयेचा पहिला धडा आधीच जगत असते. ते भावंड टाकून वर्गात ये, असे तिला सांगणे म्हणजे तिच्याजवळ असलेले काढून घेणे. भावंडासह ये, असे सांगणारी शाळा तिला अक्षरही देते आणि तिची मायाही राखते. शिक्षणाच्या इतिहासात याहून हृद्य योजना थोड्याच सापडतील.

साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडून मुलांना जेवू घातले. त्या मुलांना परोपकारावर निबंध लिहावयास सांगण्याची गरज पडली नसावी.

आज शहरांतून, खेड्यांतून संस्कारवर्ग चालतात. त्यांत श्लोक पाठ होतात, उच्चार शुद्ध होतात, स्पर्धा होतात आणि बक्षिसे वाटली जातात. हे सारे हवेच. परंतु वर्गात मागे बसणाऱ्या, फाटक्या दप्तराच्या, अडखळत बोलणाऱ्या मुलाचा हात पहिल्या क्रमांकाचे मूल धरते काय, हे तपासणारा वर्ग विरळा. अशा वर्गात शिक्षकांनी आठवड्यातून एक तास बक्षिसावाचून ठेवावा. त्या तासात मुलांनी एकमेकांसाठी काही करावे : आजारी सोबत्याच्या वह्या उतरवून द्याव्या, शाळेच्या झाडांना पाणी घालावे, शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींच्या हाताखाली एक दिवस काम करावे. घरी पालकांनी मुलासमोर मोलकरणीशी, रिक्षावाल्याशी, दारी आलेल्या फेरीवाल्याशी कोणत्या स्वरात बोलावे, याचा विचार करावा. घरकाम करणाऱ्या बाईला वेगळा कप ठेवलेल्या घरातील मूल पुस्तकातली समता पाठ करील, पण कपाची गोष्ट अधिक लक्षात ठेवील.

दानशूर भाविकांसाठीही येथे एक शब्द. देवालयाला कळस, सभामंडपाला फरशी, प्रवेशद्वाराला कमान यांसाठी देणगीदार सहज मिळतात, कारण तेथे नावाची पाटी लागते. वस्तीतल्या बालवाडीत काम करणाऱ्या ताईंचे मानधन, मुलांच्या गोष्टींची पुस्तके, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, आंघोळीचा साबण यांवर पाटी लावता येत नाही. या खर्चासाठी मागणारेही संकोचतात आणि देणारेही विसरतात. आपल्या गावी परतल्यावर भाविकांनी जवळच्या अंगणवाडीत एक फेरी मारावी, मुलांना बरोबर न्यावे आणि तेथे काय कमी आहे, हे ताईंना विचारावे. काय द्यावयाचे ते मुलालाच ठरवू द्यावे. बहुधा ते आपले एखादे आवडते खेळणे पुढे करील आणि देताना थोडे रेंगाळेल. त्या वेळी त्याला घाई करू नये.