जमीन आपली, पण खालचं पाणी कुणाचं?



या आठवड्याच्या चिंतनाचा प्रश्न आपल्या घरोघरचा आहे. आपल्या रानात बोअर मारला आणि शेजारची विहीर आटली, तर त्यात आपला दोष किती?

1882 च्या सुखाधिकार कायद्यानं जमीनमालकाला खालचं पाणी उपसायचा हक्क दिला. म्हणून 'माझं रान, माझं पाणी' असं आपण सहज बोलून जातो. पण खालचा दगड काय म्हणतो, ते भूजलशास्त्रज्ञाला विचारावं लागतं.

सरकारी योजनेत काम करणाऱ्या या माणसाकडं आपण पाणाड्यासारखं बघतो. नारळ उभा राहिला की खूण करायची आणि मोकळं व्हायचं! पण ह्याचं काम वेगळं. हा विहिरींची पातळी उन्हाळ्यात मोजतो, पावसाळ्यानंतर परत मोजतो आणि जमिनीनं यंदा किती साठवलं ते सांगतो.

आपल्या निपाणी-चिकोडी भागात खाली काळा कातळ. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. शंभर लिटर दगडामागं एक ते तीन लिटर, बस्स. आता हिशेब करून बघा. दोन टक्के धरले, तर एका एकराखालची पातळी एक मीटर उतरते तेव्हा निघतं सुमारे 80 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी आठ टँकर. उसाच्या एका पाळीलाही एवढं पुरत नाही. मग बाकीचं पाणी बोअर कुठून ओढतो? शेजारच्या भेगांतून. भेगेला बांध कळत नाही. कागल आणि निपाणीमधली राज्याची हद्दही कळत नाही.

म्हणजे कायद्यानं जे आपलं, ते सृष्टीच्या हिशेबात सगळ्यांचं.

खरी कसोटी पुढं आहे. पीक डोळ्यांदेखत वाळतंय, डोक्यावर कर्ज आहे, आणि शेतकरी म्हणतो, "साहेब, एक पॉइंट दाखवा." अशा वेळी 'नाही' म्हणणं निर्दयपणाचं नाही का? आम्हाला वाटतं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून दिलेला 'हो' जास्त निर्दय. बोअर कोरडा गेला तर कर्ज वाढलं. पाणी लागलं तर शेजाऱ्याची विहीर गेली. खरं बोलणारा माणूस दोन्ही घरं वाचवतो. त्याचा 'नाही' हीसुद्धा सेवाच.

पण एक गोष्ट विसरायची नाही. बागायतदाराचे चार बोअर रात्रंदिवस चालू, आणि गरिबाला तेवढा 'नाही', हा धर्म नव्हे. 'नाही' सगळ्या गावानं वाटून घेतला तरच तो न्याय होतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तेच केलं. शेतीसाठी बोअर बंद ठेवले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावर पिकं ठरवली. आधी प्यायचं पाणी, मग शेती.

आपल्या बेळगावातही उदाहरण आहे. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा आलेल्या लोकांसाठी टिळकवाडीत विहीर खोदली. आजही तिला काँग्रेस विहीर म्हणतात. घरोघरी नळ आले तशा अशा जुन्या विहिरी लोक विसरले. पुढं टंचाई आली तेव्हा शहरानं त्या उपसून, साफ करून परत वापरात आणल्या. सगळ्यांसाठी खोदलेलं पाणी सगळ्यांच्या अडचणीला धावून आलं.

म्हणून या आठवड्यात एवढंच करूया. नवा बोअर घ्यायचा विचार असेल तर आधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या विहिरीला किती पाणी आहे ते विचारूया. ज्यांच्याकडं विहीर आहे त्यांनी दोरी सोडून पातळी मोजावी, वहीत तारीख घालून लिहावी आणि पोरांना दाखवावी. पावसाळ्यानंतर परत मोजावी. पुढच्या सत्संगात या वह्या घेऊन बसूया.

जय गुरुदेव.